जर्सीवरचं कुंकू

शिकागो, २६ ऑक्टोबर १९८५

ती. अक्कास, पुरुषोत्तमचा एवढ्या लांबून पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी आणि पद्मिनी दोघं खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

माझं फ्रेमचं दुकान चांगलं चाललंय. कोणाच्या हाताखाली न शिकता जमवलेलं काम, पण आता लांबून गिऱ्हाईक येतं. नवरात्रात एकाने जर्सी आणली. इथल्या फुटबॉलमधल्या एका नामांकित खेळाडूने कॉलेजात असताना सामन्यात घातलेली. कोपराला मैदानाची माती अजून तशीच. त्या मातीचंच मोल, म्हणून न धुता काचेत बसवायची होती.

खंडेनवमीला मी करवत-हातोडी पूजेला मांडली. पद्मिनीला वाटलं, खेळाडूचं हत्यार म्हणजे ही जर्सीच. तिने भक्तिभावाने तिलाही ओल्या बोटाने कुंकू लावलं, नेमकं कोपरावर.

कुंकू धुतलं तर मातीही जाणार. मी हात लावला नाही. दसऱ्याला सकाळी मालकाला खरं ते सांगितलं. तो तिच्यासमोरच ओरडला, "हिला अक्कल आहे का?"

मी म्हटलं, "दुकान माझं आहे. बोलायचं ते मला बोला."

तो जर्सी घेऊन निघून गेला.

पद्मिनीने दिवसभर पूजेच्या तबकाला हात लावला नाही. संध्याकाळी मीच तबक तिच्या हातात दिलं. "अगं, गाडीची पूजा राहिली."

"गाडी आपलीच ना, नक्की?"

"आपलीच."

मग तिने बॉनेटवर चांगला ठसठशीत टिळा लावला. गाडी मी रोज पुसतो, तेवढी जागा सोडून.

तिला लिहिशील तेव्हा यातलं काही विचारू नकोस.

तुझा,
पुरुषोत्तम