बुधवारच्या कोंबड्या

बाबा, मागे तुम्हाला लिहिलं होतं त्यात एक गोष्ट चुकीची आहे. ढाणकीच्या बाजारातून आपण कोंबडी घेऊन आलो, त्या दिवसापासून मी मटण-कोंबडी सोडली आणि ती तुमच्यामुळे सोडली, असं मी लिहिलं होतं. तसं झालं नव्हतं. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले. मामा आले होते, आईने झणझणीत रस्सा केला होता, तुम्ही तुमच्या ताटातली कलेजी माझ्या ताटात टाकलीत आणि दुसरं कुणी मागायच्या आत मी ती तोंडात घातली. खाणं सुटलं ते तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी, इथे महागावला मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून लागल्यावर. त्याला तुमचं नाव मी का लावलं, ते लिहायला आज बसले आहे.

आधी तो दिवस नीट सांगते, कारण मी तो माझ्या सोयीने वाकवला होता. सायकल पंक्चरवाल्याकडे ठेवून आपण पायी निघालो आहोत. मी चौथीत असेन. कोंबडी माझ्या हातात, पाय चिंधीने बांधलेले, डोकं खाली. बाजारातून सगळे तशीच नेतात. मी चालता चालता तिला झोके देते आहे. तिची फडफड थांबलेली आहे, चोच उघडी आहे, आणि मला त्याचं काहीच नाही. तुम्ही पुढे होतात, मागे वळून पाहिलंत.

"कायले लटकवून राह्यली तिले?"

"बाबा, संध्याकाळी तं कापाचीच हाय."

"संध्याकाळी कापाची हाय. आता कोनी कापून राह्यलं का? तवर तं जित्ती हाय ना?"

आवाज चढला नव्हता, पण मला तो थापडेसारखा लागला. तुम्ही तिचे पाय सोडलेत, खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या गळ्यात झोळी बांधलीत आणि तिला सरळ आत बसवलंत. बैलबंडीवरून जाणारा एक माणूस ओरडला, "काय भाऊ, कोंबडीले माहेरी नेऊन राह्यले का?" तुम्ही लगेच म्हणालात, "हो ना, चोळीबांगडी कराची हाय तिची!" त्याचं हसू बंडी वळणाआड गेली तरी ऐकू येत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण थोड्या वेळाने तिची ऊब माझ्या पोटाला लागायला लागली, आणि मग तिने दुपट्ट्याच्या काठावर मान टेकून डोळे मिटले.

घरी आल्यावर तुम्ही तिला पाणी पाजलंत, अंड्यांसाठी पाळलेल्या आपल्या कोंबड्यांना दिसू नये म्हणून गोठ्यामागे नेलंत. मी दाराला धरून रडत होते. तुम्ही म्हणालात, "पाहाचं नसन तं आत जाय. पन रडत रडत खाऊ नको. रडाचं असन तं खाऊच नको." मी आत गेले, तोंड धुतलं आणि जेवायला बसले. म्हणजे तुम्ही मला काही सोडायला सांगितलं नव्हतंच.

इथे दर बुधवारी मुलींना कोंबडी असते. आठवड्यातून एकदाच, त्यामुळे मुली सकाळपासून स्वयंपाकघराच्या आसपास घुटमळतात. कोंबडीवाला मोटरसायकलवर येतो. दोन्ही बाजूंना कोंबड्यांचे घोस, पाय सुतळीने करकचून बांधलेले, डोकी खाली, सगळ्यांत खालच्यांची पार सायलेन्सरला लागलेली. तो घोस तसेच हौदाजवळ उन्हात टाकतो, चहा पितो, फोनवर बोलतो, आणि सवडीने कापायला बसतो. माणूस वाईट नाही. मला ताई म्हणतो, मुलींसाठी वरून दोन कोंबड्या जास्त टाकतो. आलेला माल पाहून ताब्यात घेणारी मी. लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी कोंबडी खाणं बंद केलं आणि बुधवारी त्या वेळेला कार्यालयाचं दार लावून बसायला लागले. कुणी विचारलं की सांगायचे, माझ्या वडिलांची शिकवण आहे. लोक तुमचं कौतुक करतात, बाबा. किती मोठ्या मनाचे होते म्हणतात. मी ऐकून घेते.

गेल्या उन्हाळ्यात दार लावायला मला उशीर झाला. एका कोंबडीची मान एका बाजूने भाजली होती, पिसं जळून कातडीला चिकटली होती, आणि ती जिवंत होती. माझ्याकडे पाहत होती असं मी लिहिणार नाही, ती कुठेच पाहत नव्हती. मी कोंबडीवाल्याला म्हटलं, "भाऊ, पेटीत आणता येत नाही का?" तो म्हणाला, "पेटी गाडीवर बसत नाई ना ताई. ऑटो लावा लागते. अन् तुमी तं खात बी नाई, तुमी कायले जीवाले लावून घेता?" मी मान हलवली आणि आत गेले. एवढंच माझं बोलणं झालं.

पुढच्या बुधवारी मी कोंबडी बंद केली. कोंबडीवाल्याला खरं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून सगळ्यांना सांगितलं की कोंबड्यांवर रोग आला आहे. ताटात सोयाबीन वडीची भाजी आली. तांड्यावरून आलेली एक पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, "म्याडम, आमच्या तांड्यावर तं एकबी कोंबडी बिमार नाई," आणि मुली फिदीफिदी हसल्या. पण जेवणं झाल्यावर पाचवीतली एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. हळूच विचारलं, "म्याडम, आमचं काई चुकलं का?" मी तिला नाही म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात कोंबडी सुरू केली. तीच मोटरसायकल, तेच घोस. स्वयंपाकाच्या मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कोंबड्याइचा रोग लवकर बरा झाला म्हनाचा, म्याडम." त्यांना सगळं कळलेलं होतं. माझी शरम झाकायला मी मुलींच्या ताटातला घास काढला होता, आणि तो परत वाढताना कोंबड्यांना पुन्हा उलटं टांगलं होतं.

मी न खाल्ल्याने एकही कोंबडी सरळ झाली नाही. मी फक्त माझं ताट स्वच्छ ठेवलं. तुम्ही खात होतात, आणि तुमच्या हातातलं जनावर शेवटपर्यंत जनावर राहत होतं, ओझं होत नव्हतं. तरी तुम्हीच बरोबर होतात असं मला ठामपणे म्हणता येत नाही. दुपट्ट्यातून आलेली कोंबडीसुद्धा संध्याकाळी मेलीच. तिला पाजलेलं पाणी तिच्यासाठी होतं की आपल्याला जेवण जावं म्हणून होतं, हे तुम्ही असतात तर विचारलं असतं. तुम्ही कदाचित म्हणाला असतात, "तिले तहान लागली होती, म्हनून पाजलं." मारून खावं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. पण त्या वाटेवरचा तेवढा वेळ तिचा होता, आणि तो मी घेत होते, हे मला तेव्हाच कळलं होतं. इथे दर आठवड्याला तसाच त्यांचा वेळ मी दाराआडून घेते.

ऑटोचा खर्च बसवता येतो, मी पाहिलं आहे. पेटीतच आणा म्हटल्यावर कोंबडीवाला रागावून यायचा बंद झाला तर दुसरा पाहावा लागेल, मध्ये एखादा आठवडा मुलींना वडीच खावी लागेल. तेव्हा कारण मी त्यांना स्वतः, जेवायला बसण्याआधी सांगणार आहे, आणि या वेळी खरं. त्या पाचवीतल्या मुलीला आधी.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे एक कबूल करायला हरकत नाही. कोंबडीवाल्याची मला भीती नाही. मी बोलले आणि त्याने सहज "बरं ताई, आनतो पेटीत" म्हटलं, तर इतके बुधवार मी उगाच जाऊ दिले हे मला कळेल, त्याची भीती आहे. म्हणूनच वर आधी "पुढच्या महिन्यापासून" असं लिहिलं होतं. ते खोडलं. आज सोमवार आहे. परवा, बुधवारी सकाळी, तो आत यायच्या आधी मी फाटकात उभी राहणार आहे.