तांबडी माती स्पोर्टिंगचा फॅन बेस

१४ जानेवारी २०२४, रविवार
घरच्या मैदानावर मॅच. तांबडी माती स्पोर्टिंग क्लब, सुर्ला, गोवा. हरलो, ०–३. स्कोअरवरून खेळाची कल्पना येत नाही. अटेंडन्स अंदाजे दोनशे. यात बसस्टॉपवरचे धरले आहेत, कारण तिथून एक गोल दिसतो. देवळात जेवायला आलेलेही धरले. ओरडा झाला की ते वळून बघत होते.
प्रत्यक्ष आत बसलेले: मी आणि बाबुराव.
बाबुराव खाणीच्या वजनकाट्यावर माझ्याबरोबर होता. आता दोघेही रिटायर. एकही मॅच चुकवत नाही. कुंपणाच्या चिऱ्यांवर माझ्या शेजारी बसतो आणि रेफ्रीला गाळी घालतो. असा एक फॅन म्हणजे इतर क्लबांचे हजार.
संकल्प: या वर्षी स्टेडियम. प्रेसिडेंट म्हणून माझी शेवटची टर्म आहे. (गेल्या तीन टर्मही शेवटच्याच होत्या. पण दुसरा कोणी उभा राहत नाही. विश्वास.)

२८ जानेवारी, रविवार
विचार केला. खाण चालू होती तेव्हा सिंधुदुर्गातले ड्रायव्हर खनिजाचे टिपर ट्रक मैदानाच्या कडेने लावायचे आणि टपावर चढून मॅच बघायचे. टिपर हीच गॅलरी. गोल झाला की सगळे हॉर्न एकदम. खाण बंद झाली, टिपर गेले, गॅलरी गेली.
निष्कर्ष: लोक फुटबॉलला कंटाळलेले नाहीत. त्यांना बसायला जागा नाही.
योगेशला सांगितलं. योगेश म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, टीमचा कॅप्टन. म्हणाला, मामा, चिऱ्यांवर भरपूर जागा आहे. तरुण पिढीला व्हिजन नाही.

१० मार्च, रविवार
ऐतिहासिक दिवस. आमदारांनी नारळ फोडला. नवं पॅव्हेलियन, आठ ओळी. मी उभा राहून म्हणालो, साहेब, दहा करा, आमचा फॅन बेस वाढता आहे. आमदारांनी जागच्या जागी होकार दिला. टाळ्या.
योगेश कानाशी लागला. "मामा, दोन ओळी वाढल्यो काय मैदान अरुंद जातला." त्याला गप्प केलं. शुभकार्यात असलं बोलू नये.
उद्यापासून मैदान बंद. एका सीझनचा प्रश्न आहे.

२ जून, रविवार
आचारसंहितेमुळे काम थांबलं आहे. मैदानात पायाचे खड्डे, खड्ड्यांत पाणी, पाण्यात बेडूक. तांत्रिक भाषेत याला फाउंडेशन स्टेज म्हणतात.
चार वाजता बाबुराव आला. मॅच नाही हे त्याला ठाऊक होतं. बहुतेक सवय. चिऱ्याचं कुंपण काढून टाकलंय, तेव्हा दोघे सिमेंटच्या रिकाम्या गोणी पसरून खड्ड्याच्या काठावर बसलो. तो म्हणाला, बेडूक बरे गातत.
मी त्याला नकाशा समजावला. तुझी जागा दुसऱ्या ओळीत, मधोमध, पाठ टेकायला आहे. छप्पर आहे. त्याने विचारलं, "आणि तू खंय बसतलस?"
म्हटलं, मी प्रेसिडेंट. मी खाली सोफ्यावर, पाहुण्यांबरोबर.
त्याने खड्ड्यातल्या पाण्यात एक खडा टाकला. भारावला असावा.

२० ऑक्टोबर, रविवार
लीग सुरू. आमच्या होम मॅच यंदा साखळी गावच्या ग्राउंडवर. ०–५.
बाबुराव आला नाही. गुडघ्यामुळे बसची पायरी चढवत नाही. मी हात धरून दोनदा चढवून बघितलं, कंडक्टरने शिट्टी मारली, तेव्हा तो म्हणाला, तू जा, उशीर जातलो.
अटेंडन्स मोजला नाही. होम मॅच घरापासून लांब असल्यावर तो आकडा फसवा असतो.
दुसऱ्या हाफमध्ये उघड उघड ऑफसाइड होती. ओरडायला उठलो आणि पुन्हा बसलो. एकट्याने गाळी घालणं बरं दिसत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार
बाबुरावची मुलगी हर्षा गाडी घेऊन आली. तिचं सासर केरीला, तिकडे पेडण्यात, तेरेखोलच्या अलीकडे. टुरिस्टांना खोल्या देतात. बाबा एकटे राहतात, गुडघा असा, म्हणून न्यायला आली.
मी म्हटलं, पॅव्हेलियन होईपर्यंत थांब. छप्पर चढलं की आपण सुरू.
बाबुराव गाडीत बसला होता. काच खाली करून म्हणाला, "आता आयताराक हंय रवान काय करू, सगुण?"
हवापालट आहे, दुसरं काही नाही. खाऱ्या वाऱ्याने गुडघा सुटतो म्हणतात.
चांगली बाजू: आता पेडणे तालुक्यातही आमचा फॅन आहे.

५ जानेवारी २०२५, रविवार
मॅच झाली नाही. आमचे सहाच आले. बाकीच्यांना मोपा विमानतळावर नोकरी लागली आहे, रविवारची शिफ्ट. योगेशही तिथेच. त्याने शिफ्ट बदलून मागितली होती, मिळाली नाही. युनिफॉर्ममध्येच साखळीला येऊन उभा राहिला, म्हणाला, "मामा, पंधरा मिनिटां आसत, किक-ऑफ करून जातंय." नियमाने निदान सात लागतात, रेफ्रीने सहा जणांना उतरू दिलं नाही.
वॉकओव्हर. टेक्निकली गोल खाल्लेला नाही.
शूज काढताना योगेश म्हणाला, आपलं मैदान असतं तर सगळे कामावर जाता-येता तरी खेळले असते, साखळीपर्यंत कोण येणार. मी म्हटलं, स्टेडियम होऊ दे, रांग लागेल. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाईट वाटलं असेल. त्याच्यासाठी मलाही वाटलं.

१९ जानेवारी, रविवार
दुसरा वॉकओव्हर. नियमाप्रमाणे लीगमधून नाव कट.
याला मी स्ट्रॅटेजिक ब्रेक म्हणणार आहे. क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं टाकलं. दोनशे बारा मेंबर. तिघांनी हात जोडले, एकाने वाढदिवसाचा केक पाठवला.
घरी येऊन केरीला फोन लावला. हर्षा म्हणाली, बाबा झोपलेत. निकाल सांगायचा होता. सांगितला नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
पॅव्हेलियन पूर्ण! दहा ओळी. शेवटच्या ओळीत चढून बसलो. जुन्या खाणीचा डोंगर दिसतो. असं दृश्य मोठमोठ्या स्टेडियमात नाही.
परवा लीगचे लोक मैदान मोजून गेले. टेप दोनदा लावली. मैदान अरुंद पडतं, लीगची मॅच देता येणार नाही. किती कमी, विचारलं. म्हणाले, साधारण दोन ओळींइतकं.
योगेश तिथेच होता. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.
उपाय शोधतो आहे. पलीकडची काजूची बाग मिळाली तर मैदान तिकडे सरकवता येईल. मालक हो म्हणेल असं वाटतं. अजून विचारलेलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
उद्घाटन. हाऊसफुल्ल! दहाच्या दहा ओळी भरल्या, बाहेर लोक उभे. दोन हजार तरी नक्की. यात बसस्टॉपवरचे धरलेले नाहीत. मी म्हटलं होतं ना, जागा द्या, लोक येतील.
आधी गाणी, मग डान्स, मग आमदार चषक, टेनिस बॉल क्रिकेट. क्रिकेटला हे मैदान चालतं.
संगमरवरी पाटीवर तेरा नावं आहेत. क्लबचं नाव राहून गेलं. घाईत होतं असं.
सोफ्यावर जागा नव्हती. दुसऱ्या ओळीत मधोमध गेलो, तिथे कुणाची तरी पर्स ठेवलेली होती. मग जिन्याजवळ उभा राहिलो. बाजूच्याने विचारलं, काका, कुठली टीम आपली? म्हटलं, आमची आज नाही.
फोटो काढले. पुढच्या रविवारी केरीला जाऊन बाबुरावला दाखवतो आणि घेऊनच येतो. इतका मोठा क्राउड बघितल्यावर तो तिथे राहायचा नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
साखळी, म्हापसा, केरी. तीन बस.
बाबुराव बलकावात, दारापुढच्या ओट्यावर, बसला होता. वाळला आहे. मला बघून उठायला गेला, गुडघ्याने उठू दिलं नाही. हर्षाने चहा आणि पावाचा गरम उंडो आणून ठेवला. मी लगेच मोबाइल काढला. दहा ओळी, छप्पर, दोन हजार माणसं.
त्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ शोधत राहिला. मग म्हणाला, "ह्यात तू खंय आसस?"
म्हटलं, फोटो मीच काढलाय.
त्याने मोबाइल परत दिला. म्हटलं, बॅग भर. क्लब पुन्हा उभा करू. तुझ्यासारखा फुटबॉल कळणारा माणूस सुर्ल्यात दुसरा नाही.
तो हसायला लागला. इतका, की खोकला आला. हर्षाने पाणी दिलं. मग म्हणाला, "माका फुटबॉल कधी कळलोच नाय रे, सगुण. वहिनी गेली आणि तू आयताराक त्या मैदानार एकटोच बसाक लागलस. म्हणान मी येत होतंय."
म्हटलं, आणि रेफ्रीला गाळी?
"तू उठलस की मी उठलंय. तू गाळी दिलस की मी पण दिलंय. तो माणूस काय चुकता ता माका काय ठाऊक?"
माझी बायको चंद्रावती जाऊन अकरा वर्षं झाली. मैदान बंद होईपर्यंत दहा सीझन तो चिऱ्यांवर बसला, काही न समजता. आणि मी त्याच्या बुडाखालचे चिरे काढून घेतले, छप्पर देतो म्हणून.
हे त्याला सांगायचं होतं. उंडो चहात बुडवून खात राहिलो. पुढ्यात समुद्र होता. दोघांनीही तो बघितला. त्यातलंही आम्हाला काही कळत नाही.
शेवटच्या बसला हर्षा पोचवायला आली. "काका, पुढच्या आयताराक येशात? बाबा आज कितक्या दिसांनी हसले."
सवयीने म्हणालो, बघतो, मॅच नसली तर.
बस आली. मग म्हटलं, येतो.