आंबेघरच्या बाजारातला चुडा

कल्याण,
माघ वद्य चतुर्थी, शके १८०७

चिरंजीव परशुराम यास कल्याणहून आवडाअक्काचा आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत, तिकडे तुम्ही बरे असा. तुळसाचा खोकला गेला का ते कळव. नसेल गेला तर अडुळशाचा काढा दे, उगाच वैद्याकडे धावू नकोस. शकूला माझा पापा.

हे पत्र माझ्या हातचं आहे. पेट्यांवर मालाची नावं घालता यावीत एवढीच अक्षरं आबांनी मला शिकवली, तेव्हा वेडंवाकडं दिसलं तर हसू नकोस. दरवेळी शेजारचे मास्तर लिहून देतात, पण हे त्यांच्याकडून लिहून घेण्यासारखं नाही.

धाकू एव्हाना ठाण्याला पोचला असेल आणि पाय दाखवून त्याने रडगाणं गायलं असेल. जखम मी स्वतः धुऊन हळद दाबली आहे, काच आत राहिलेली नाही. पाटीभर माल गेला तो माझा गेला, तुझा नव्हे, त्याबद्दल बोलू नकोस. बाकी त्याने तुला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. गाडीवानाचं ऐकलंस, आता बहिणीचं ऐक.

दुर्गाडीखालून तरीने कोनला उतरले. भिवंडीला धाकू गाडी जुंपून बसलाच होता. पुढचा रस्ता म्हणजे रस्ता नव्हे, माझी हाडं खिळखिळी झाली आणि पेंढ्यात बांधलेला माल मात्र शाबूत राहिला. वाडा गावाच्या पुढे नुसतं रान. पळस असा फुललाय की बघून डोळे दुखतात. माणूस दिसला तर डोक्यावर मोळी घेतलेला, नाहीतर दिसतच नाही. धाकू सारखा म्हणे, "आक्का, इथे कोणी लपलं तर देवालासुद्धा सापडायचं नाही." मी म्हटलं, "देव शोधत नाहीये, तू बैल हाक."

आंबेघर इंग्रजी हद्दीत आहे, पण बाजाराच्या टोकाला एक ओहोळ आहे आणि त्याच्या पलीकडे संस्थान. काठावर चुना फासलेला हद्दीचा दगड आहे. बायका त्याच्यावर ओली लुगडी वाळत घालतात. आपला पोलीस अलीकडे आंब्याखाली पेंगत असतो, पलीकडे तो थुंकतसुद्धा नाही. बाजार मोठा भरतो. डिंक, मध, हिरडे, बांबूच्या टोपल्या, सुकट. मीठ तर आपल्याकडे खाडीवर पायाखाली येतं, तिथे बायका चिमटीने चाखून मग पदरात घेतात. ते मीठ तिथवर बैलांच्या पाठीवरून कोण नेतं हे तुला सांगायला नको. तुझ्याच दारात तो गोणी उतरवायचा, तूच त्याला काळुराम, काळुराम करून ताक पाजायचास.

असो. बाजाराचं सांगून झालं.

तू मला पाठवलंस ते बांगड्या विकायला नव्हे, हे तुला नि मला माहीत आहे. कासारणीपुढे कोणतीही बाई आपणहून हात करते, तिला कोणी अडवत नाही, म्हणून तू माझी निवड केलीस. तुझी थोरली, शेवंती, दिसली की मी डोक्यावरचा पदर मागे घ्यायचा, धाकूने तिच्या मागोमाग जाऊन घर हद्दीच्या अलीकडे की पलीकडे ते पाहून यायचं, आणि पुढच्या बाजाराला तिच्या सासरच्यांनी दागिन्यांच्या फिर्यादीचा कागद आणि पोलीस घेऊन यायचं. मी हो म्हटलं. शकूचं लग्न जमत नाही, पंच दारात उभे राहत नाहीत, तुळसा झुरते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काळुरामबरोबर निघून गेली म्हणून त्या पोरीवर मीही चिडले होते. मनापासून हो म्हटलं होतं, खोटं कशाला लिहू?

दुपारी गर्दी झाली. आम्ही तोंडं कुठे बघतो परशा, आम्ही हात बघतो. एक हात पुढे आला. राबून खरखरीत झालेला, रापलेला. मी पंजा दाबून माप घेतलं आणि अंगठ्याच्या मुळाशी ती चंद्रकोर लागली. लहानपणी फुटक्या काचांच्या पाटीत हात घातला होता तेव्हाची. आबांनी तिला मांडीवर धरलं होतं, मी काच काढली होती.

मी मान वर केली नाही. पदर पुढे ओढून ती बसली होती, धाकूकडे पाठ होती. धाकू गाडीच्या दांडीवर बसून तंबाखू मळत होता, डोळे बाजारावर.

"कोणता भरू?" मी विचारलं.

"हिरवा." अगदी हळू.

"कितवा महिना?"

"सातवा. आत्या, ओरडू नकोस."

माझा हात पदराकडे गेला होता. खरं सांगते, गेला होता. तेवढ्यात मागची एक वारलीण खेकसली, "कासारीण, झोपलीस का गं? आमचे हात वाळले इथे!" मी तिला म्हटलं, "वाळू देत, वाळलेल्या हाताला माप बरं लागतं." बायका हसल्या. आणि पदराकडे गेलेला हात मी बांगड्यांच्या माळेकडे नेला.

बांगडी चढवता चढवता विचारलं, "मारतो का?" ती म्हणाली, "नाही." "जेवायला?" "आहे." "पाट लावला का नुसतीच राहतेस?" "देवासमोर लावला. पलीकडे." "आणि दागिने?" तेव्हा पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. "आत्या, माझ्या अंगावर काय ठेवलं होतं त्यांनी, की मी चोरीन?"

यावर तुझ्याकडे काही उत्तर असेल तर मला लिही. कासाराच्या घरातली पोर, आणि तिला दुकानात पाऊल टाकायची बंदी. विधवेच्या मोकळ्या हातांची सावली मालावर पडते म्हणून. मागल्या खोलीत बसून ती दिवसभर बांगड्यांची किणकिण ऐकायची. बंदी तू घातलीस. मी आले-गेले, बघितलं, बोलले नाही.

दोन्ही हात भरले. आपल्या रीतीने भरल्या हातांना मी नमस्कार केला. तिने कनवटीची गाठ सोडली, पैसे पुढे केले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ठेव ते. सातव्याचा चुडा माहेरचा असतो."

धाकू जवळ बसलाय हे पार विसरले. इतक्या वर्षांची सवय, आत्या म्हणून तोंडात आलं आणि बाहेर पडलं. ती वारलीण टाळी वाजवून मोठ्याने म्हणाली, "अगो बया, कासारीण फुकट भरते! माहेरचीच दिसते ही तिची!" सगळा बाजार वळून बघायला लागला. धाकूने तंबाखू टाकली आणि उठला.

मी म्हटलं, "शेवंते, ऊठ. ओहोळ ओलांड. या बाजाराला परत येऊ नकोस." ती उठली, पण तिला पळता कुठे येणार, पोट घेऊन? धाकू अनवाणी, लांब ढांगा टाकत येतोय. हद्दीच्या दगडापर्यंत ती पोचायच्या आत त्याने तिला सहज धरलं असतं. पोलीसही जागा झाला होता.

पाटी कलंडली. धाकूला मी सांगितलं, माझा तोल गेला. तुलाही तेच लिहिणार होते, सुरुवात तशीच केली होती. पण नाही. तोल गेला नव्हता. उभी राहून दोन्ही हातांनी मी पाटी त्याच्या पायांपुढे उलटी केली. कासारणीने स्वतःच्या हाताने माल फोडलेला कोणी पाहिला असेल? धाकू खाली बसला तो पाय धरूनच. मी वर पाहिलं तेव्हा दगडापलीकडे झाडी होती, ती नव्हती.

आता नीट वाच. तू तिच्या नावाने घट फोडलास, ती आपल्याला मेली असं जातीला सांगितलंस. पण चुडा मी माझा भरला नाही. माहेरचा म्हणून भरला, म्हणजे तुझ्या नावाने भरला, आणि भरल्या बाजाराने ऐकला. पंचांनी विचारलं तर मी तेच सांगणार. शकूच्या लग्नाला याने अडचण येईल, मला कळतं. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. शकूला माझ्याकडे पाठव, तिचं मी बघते. होईल की नाही ते माहीत नाही, पण एका पोरीला पोलिसाच्या हाती देऊन दुसरीला बोहल्यावर चढवायचं माझ्याच्याने होणार नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मी पुन्हा जाणार आहे, हद्दीच्या पलीकडे जाणार आहे, आणि ती येईल तर तिला कल्याणला माझ्या घरी आणणार आहे. तुला न विचारता नव्हे, तुला सांगून. हे पत्र तुळसाला वाचून दाखव. शेवंतीच्या पोटाचं तिला कळू दे, मग तिचा खोकला जातो का बघ.

तू म्हणशील, अक्काने दगा दिला. म्हण. जावई गेला त्या दिवशी तिचे हात मोकळे करायला बायका आल्या तेव्हा तुला बघवेना, तू मागल्या दारी जाऊन उभा राहिलास, हे मी विसरलेले नाही. म्हणून एकच सांगते. सासरच्यांना पाठवू नकोस, पोलीस पाठवू नकोस, धाकूला तर नकोच. तो चुडा उतरवायचा असेल तर तू स्वतः ये. माझ्या ओटीवर बस, पोरीचा हात आपल्या हातात घे, आणि तुझ्या नावाची एकेक हिरवी बांगडी तुझ्या हाताने फोड. मी मध्ये येणार नाही. मागलं दार तेवढं त्या दिवशी लावून घेईन.

वाट बघते.

तुझी अक्का आणि तिची आत्या,
आवडा