नवरीची वेल

अम्मी, परवापासून तू सारखी दिसतेस, शारजाच्या त्या थंडगार हॉलमध्ये, पर्स पोटाशी धरून उभी. मी कॉलेजात असताना तिथे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी बायकांची चित्रं आली होती. मीच तुला हट्टानं नेलं होतं, कारण सहा महिने तू माझ्याशी धड बोलत नव्हतीस. मातकट लाल रंगावर पांढऱ्या कमानदार रेघा, एकीला लागून दुसरी. तू जवळ जातेस, हवेतच त्यांच्यावरून बोट फिरवतेस. "हे आधी अंगावर काढलेलं आहे," म्हणतेस, पाटी न वाचताच.

पाटीवरही तेच होतं. विधीच्या वेळी या बायका गात गात एकमेकींच्या खांद्यांवर, छातीवर गेरूनं रेघा ओढतात; तिथूनच त्या कॅनव्हासवर आल्या. तूही गुणगुणायचीस. अल नहदाच्या सलूनमध्ये, "यल्ला, हाथ मत हिलाओ," म्हणत दिवसभर मेंदीचे कोन पिळायचीस, गिऱ्हाइकाला हवी ती फुलं काढून द्यायचीस. पण रत्नागिरीहून नानीकडून आलेली नवरीची वेल कुणाला दिली नाहीस. ती घरच्याच मुलीच्या हातावर, दार लावून, बायकांतच, आणि कोनानं नाही, काडीनं. मी दीडशहाणी! मोठ्या बहिणीच्या लग्नात पाहिलेली ती वेल कॉलेजच्या प्रदर्शनासाठी चार फुटी कॅनव्हासवर रंगवली आणि मिरवत तुला दाखवायला नेलं. "उतरव. फाडून टाक," एवढंच बोललीस. दोन दिवसांनी मी सांगितलं, फाडलं.

त्या हॉलमधल्या माहिती देणाऱ्या बाईंना विचारून मी तुला सांगितलं, की काही आकृत्या त्या बायका बाहेर दाखवतच नाहीत. काय दाखवायचं ते त्यांच्यातल्या मोठ्या बायका ठरवतात. तू माझा हात धरलास. "बघ, त्या विचारतात," म्हणालीस. "तू विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं." मला तेव्हा रडू आलं होतं, पण मी एसीकडे बघत राहिले.

उद्या माझ्या लेकीची मेंदी आहे. "ममा, समथिंग सिंपल, प्लीज," म्हणते. तुझी वेल मी शिकलेच नाही. लाजेनं कधी मागितली नाही, आणि मग तू गेलीस. आज कपाटामागून कॅनव्हास ओढून काढला. अम्मी, मी तो फाडला नव्हता. उद्या दार लावून, काडी घेऊन, त्याच्यावरून बघूनच काढणार आहे. हे पत्र त्याच्याच मागे खोचून ठेवते. या वेळी आधी विचारते आहे. काढू ना?