कड्याची भेग

११ ऑगस्ट, सोम.
पाड्यामागच्या कड्याची माती पावसानं धुवून गेली, भेग उघडी पडली. किसननं (माझा थोरला, अक्कल धाकटी) पोरं जमवून ती लिंपली. शेण, माती, भाताचा कोंडा, जसा घराचा कुड लिंपतो तशी. "आये, आता पाणी आत शिरायचं नाही." लिंपण झालं मात्र सुबक.

१३ ऑ.
दुपारी दगड आले खाली. एक गोठ्याला लागला. शेळ्या वाचल्या. तलाठी आला, सगळ्यांना साखरशेतच्या शाळेत घातलं. म्हणतो, पाडाच उठवावा लागंल, सपाटीला जागा देऊ. म्हटलं, भाऊ, नागली उतारावर होते. सपाटीवर तुझं ऑफिस पिकतं.
बोलले खरी. पण बोचकी बांधूनच निघालो.

१४ ऑ.
शाळेत. बाक आखूड, पाय बाहेर. सून मंगल रडते. तिला म्हटलं, रडून डोंगर थांबतो का. मला तरी कुठं जेवण गेलं.

१६ ऑ.
सरकारनं दगडांची बाई धाडली. हातात हातोडी. मी नि किसन तिच्याबरोबर वर. कलिंगड घेताना ठोकतात तसा कडा ठोकून ऐकते.
"आजी, खाली काळा कातळ, मधे तांबडा पट्टा, वर परत काळा. फार पूर्वी वितळलेला दगड वाहत आला, थिजला. मग पुन्हा आला."
म्हटलं, भाकरीवर भाकर.
"तसंच. भेगही थिजतानाची, जुनीच. पाणी तिच्यातून उतरतं, तांबड्यावर अडतं, बाजूनं बाहेर पडतं." आमचा झरा तिथलाच.
मग लिंपण दिसलं. "हे कुणी केलं?" किसन आभाळ बघू लागला. म्हटलं, ह्यानं.
बाहेर पडायची वाट बुजवली म्हणून पाणी आत तुंबलं, त्यानं सैल दगड ढकलले. असं बाई म्हणाली. ओरडली नाही. मी ओरडले.

१७ ऑ.
पहारीनं लिंपण काढलं. तांबडं पाणी भसाभसा. दुपारी निवळ. बाई म्हणाली, मोठा कातळ जागेवर आहे, राहा घरी. मी तिथंच चिखलात बसले. किसन घाबरला, "आये, चक्कर आली?" चक्कर कसली. हसू आवरेना.

१९ ऑ.
घरी. चूल पेटली. नागलीची भाकर, दोन खाल्ल्या.
कड्याच्या वरच्या टोकाचं बाईनं काही सांगितलं नाही. पाऊस ओसरला की बघायला येणार. तोवर झऱ्यावर नजर ठेवा म्हणाली, गढूळ झाला की बाहेर पडा. सकाळी बघून आले. निवळ. आत्ता परत सर आली.
मंगल विचारते, बोचकी सोडू का. म्हटलं, भांडी काढ. कपडे राहू देत बांधलेले.