फणसाच्या वळणावरची घंटी

बाबा, लिहायला फार उशीर झाला, रागावू नका. तुम्ही गावाला होतात तेव्हा खुशालीचं एक कार्ड टाकायचाही मला कंटाळा यायचा, आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर लिहितोय. शाळा सातवीपर्यंतची, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या. दुसऱ्या कुणाला सांगावं, तर घरातले सगळे त्याच्याच बाजूचे.

तो म्हणजे माझा पेणकरपाड्याचा मित्र. हाटकेशच्या गाळ्यात शेजारशेजारच्या मशीनवर उभे राहून आम्ही दोघं म्हातारे झालो. तुमची काळी सायकल मी अजून जिन्याखाली ठेवली होती. बिल्डिंगमधले ‘अंकल, भंगार में दे दो’ म्हणून मागे लागले, तेव्हा ठरवलं की ती गावाला नेऊन तुमच्या पडवीत उभी करायची, आणि चालवतच न्यायची. लहानपणी एकदा चढावर दमून मी ती हातात धरून अंगणात आणली होती, आठवतं? तुम्ही मला तसाच फणसाच्या वळणापर्यंत परत पाठवलंत. "घरी यायचं ते बसून, घंटी वाजवत," म्हणालात. तुमची घंटी त्या वळणावर वाजली की आई चहाचं आधण ठेवायची. मला ती घंटी तिथे एकदा वाजवायची होती, बाकी काही नाही. मित्र म्हणाला, एकटा कुठे जातोस, मी येतो, आणि नातवाची गिअरची सायकल घेऊन निघाला.

माणगावपर्यंत बरं चाललं. लोणेऱ्याच्या पुढे मला चक्कर आली. मी रस्त्याच्या कडेला बसलोय आणि तो बाटलीतलं पाणी माझ्या डोक्यावर ओततोय. मी त्याला सांगितलं, मुलाला कळवू नकोस, तो मला अर्ध्या वाटेतून उचलून नेईल. "न्हाय सांगत कोणाला. तू गप बस," तो म्हणाला. त्या संध्याकाळी महाडला फोन घेऊन लॉजच्या बाहेर गेला, तर मला वाटलं लेकीशी बोलतोय. पोलादपूरलाही तसाच गेला. सकाळी आम्ही टपरीवर चहा पितोय, तर समोर माझ्या मुलाची गाडी. "पप्पा, बस झालं आता. काकांनी सगळं सांगितलंय." मित्र चहाच्या ग्लासात बघत राहिला. गाव एका घाटापलीकडे होतं, बाबा.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण त्याने आपली सायकल टपावर बांधायला दिली आणि तुमच्या सीटवर, मला न विचारता, टांग टाकली. "तुझ्या बापाची सायकल टपावरनं नेलेली बरी न्हाय दिसत. मी आणतो चालवत." मुलाने मला गावीच नेलं. मी गाडीतून आधी पोचलो आणि पडवीतल्या बाकड्यावर बसून राहिलो. दुपार कलल्यावर फणसाच्या वळणावर घंटी वाजली. आत धाकट्या भावाची बायको म्हणाली, आले वाटतं, आणि तिने चहा ठेवला. पहिला कप त्याला दिला. तो प्यायला.

परत आल्यापासून तो रोज संध्याकाळी दारात येतो. मी सुनेला सांगायला लावतो की झोपलेत. "म्हाताऱ्या, किती झोपशील?" असं बाहेरून विचारून तो जातो. मुलगा म्हणतो, काकांमुळे वाचलात. वाचलो असेन. पण सायकल आणायची तर मुकाट्याने आणायची होती. घंटी वाजवायला त्याला कुणी सांगितलं होतं? रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतं, आणि ब्लडप्रेशरच्या गोळीचाही उपयोग होत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते मला कळतं. गादीखाली राहील. पण एक गोष्ट त्याला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगतो. घंटी वाजली तेव्हा मी डोळे मिटून, पाय वर घेऊन बसलो होतो. आवाज ऐकला आणि पाय पटकन खाली घेतले, सदरा नीट केला. मला वाटलं, तुम्ही आलात. वळणावर त्याचं डोकं दिसेपर्यंत तसंच वाटत होतं.

उद्या तो पुन्हा येईल. दार उघडू की नको, तेवढं लवकर कळवा.