काय म्हणालात?

विद्यानगर, हैदराबाद
२ सप्टेंबर १९९१

ती. इंदुताईस,
मधुकरचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा शपथ झाली. तुझा धाकटा भाऊ आता हायकोर्टाचा जज्ज. तुला फोन केला होता, पण ‘राँग नंबर’ म्हणून तू ठेवून दिलास, तेव्हा आपलं पत्रच बरं. कानाचं यंत्र अजून कपाटातच आहे ना? ताई, ऐकू येत नाही यात लाज कसली? लावत जा.

खरं सांगू, आनंदापेक्षा थकवाच जास्त आहे. इतकी वर्षं वकिली केली ती भांडत, हसत. आता सगळे उठून उभे राहतात आणि भांडत कोणीच नाही. अप्पाराव आणि मी एकाच वर्षी काळा कोट चढवला, नामपल्लीच्या कोर्टात रोज एका बशीतली बिस्किटं खाल्ली. काल जिन्यात भेटला तर भिंतीला चिकटून उभा राहिला. रंजना म्हणते, सवय होईल.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर तुझी माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझा,
मधुकर

नांदेड
११ सप्टेंबर १९९१

चि. मधुकर यास,
अनेक आशीर्वाद.

आळीभर पेढे वाटले. आज नाना असते तर काठी टेकत हैदराबादला आले असते. यंत्राचं म्हणशील तर ते लावलं की मी म्हातारी दिसते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! नानांचे कान पन्नाशीतच गेले होते, आणि आपण दोघं त्यांचीच मुलं, हे विसरू नकोस. तुझ्या कानात यंत्र येईल तेव्हा मला उपदेश कर.

रंजनाला जप. तब्येतीला सांभाळून पत्र टाकीत जावे.
तुझी,
इंदुताई

विद्यानगर
२० नोव्हेंबर १९९४

ती. इंदुताईस,
सा. न. वि. वि.

तुझी वाणी खरी झाली. गेली दोन वर्षं मला उजव्या कानानं जवळजवळ काही ऐकू येत नाही. रंजनाखेरीज कोणाला ठाऊक नाही.

हल्ली कारखाने विकले जातात, बंद पडतात, आणि सगळी माणसं माझ्यासमोर येतात. गेल्या आठवड्यात सिकंदराबादकडचा याकूब नावाचा फिटर नोकरी परत मागायला आला होता. त्यानं खुशीनं राजीनामा दिला, असं मालकांचं म्हणणं. त्याचे वकील अप्पाराव. त्यांनी हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मी ‘काय म्हणालात?’ असं तीनदा विचारलं. ते वाकले आणि खाली बसले. मुद्दा नसेल असं समजून मी याकूबच्या विरुद्ध निकाल सांगितला.

काल एका लग्नात अप्पारावांच्या बायकोनं रंजनाला विचारलं, साहेब घरीही असेच रागीट असतात का? जज्जानं तीनदा ‘काय’ म्हटलं की मुद्दा आवडला नाही असं वकील समजतात. राजीनाम्यावरच्या सहीच्या तारखेला याकूब दवाखान्यात बेशुद्ध होता, हे अप्पाराव त्या दिवशी सांगत होते, असं ती म्हणाली. त्या रात्री ते जेवले नाहीत म्हणे. माझी भूकही गेली आहे.

निकाल टाईप होऊन टेबलावर पडला आहे. माझी सही होईपर्यंत तो फिरवता येतो, पण का फिरवतो ते भर कोर्टात सांगावं लागेल. जज्जाच्या कानात यंत्र दिसलं की हरलेला प्रत्येक माणूस म्हणेल, याला ऐकूच आलं नव्हतं. मी दमलो आहे, ताई. काय करू ते कळव.
मधुकर

नांदेड
२५ नोव्हेंबर १९९४

चि. मधुकर यास,
अनेक आशीर्वाद.

हरलेला माणूस तसं म्हणेल. आणि खरंच ऐकू आलं नसेल तर?

मी इतकी वर्षं नुसतं ‘हो हो’ म्हणत गेले, तर सून मला अडाणी समजली. तू ‘काय काय’ म्हणत गेलास, तर लोक तुला करडा समजले. फरक खुर्चीचा आहे. मी कालपासून यंत्र लावते आहे. सून माझ्याबद्दल काय बोलते ते पहिल्यांदा ऐकलं. रडले, पण काढलं नाही.

सही करू नकोस. एवढं माझं ऐक.
तुझी,
इंदुताई

विद्यानगर
९ डिसेंबर १९९४

ती. इंदुताईस,
सा. न. वि. वि.

यंत्र लावून कोर्टात गेलो. पंखा, कागद, खोकला, सगळं एकदम अंगावर आलं. अप्पारावांना उभं केलं आणि सांगितलं, त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं, मुद्दा पुन्हा मांडा. त्यांनी फाईल उघडली. मग मांडला, पूर्वीसारखा भांडून. मालकांच्या वकिलाचंही ऐकलं. काल याकूबला नोकरी परत दिली. कारखाना किती दिवस चालेल, देव जाणे.

निकालानंतर चेंबरकडे जाताना व्हरांड्यात पाठमोरा याकूब कोणाला तरी सांगत होता, ते कानावर पडलं. ‘साब को सुनाई नई देता था कते. मैं इत्ते दिन समझ रा था, अपनी बातमेच दम नई.’

ताई, याकूब परत आला. पण या दोन वर्षांत आपल्या म्हणण्यात दम नाही असं समजून किती जण घरी गेले असतील? त्यांची सुनावणी आता कोण घेणार?

संक्रांतीला ये. दोघं यंत्रं लावून बसू. तोवर धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
मधुकर